फाइल कुणाच्या हाती : बांगलादेशी राजनयाच्या अभ्यासाची प्रस्तावना

11 जानेवारी 2007 रोजी बांगलादेशात आणीबाणी जाहीर झाली, तोंडावर आलेली निवडणूक लांबणीवर पडली आणि दुसऱ्याच दिवशी फख्रुद्दीन अहमद यांनी काळजीवाहू सरकारचे प्रमुख म्हणून शपथ घेतली. या सरकारात परराष्ट्र खाते सांभाळायला न्यूयॉर्कहून इफ्तेखार अहमद चौधुरी यांना बोलावून घेण्यात आले; ते तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे स्थायी प्रतिनिधी होते. मंत्रालयात सचिवाच्या खुर्चीवर तौहीद हुसेन होते, त्यांना तिथे येऊन जेमतेम महिना होत होता. पुढची दोन वर्षे ही जोडी एकत्र राहिली. 2009च्या जानेवारीत निवडून आलेले सरकार आले, चौधुरी गेले, हुसेन जुलैपर्यंत सचिवपदावर राहिले. ऑगस्ट 2024मध्ये पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या आणि मुहम्मद युनूस यांचे अंतरिम सरकार बनले, तेव्हा परराष्ट्र खाते ज्यांच्या हाती गेले ते हेच तौहीद हुसेन. निवृत्तीनंतरची शांत वर्षे मागे टाकून ते जुन्या इमारतीत परतले, या वेळी मंत्र्याच्या दालनात.

या पुस्तकाचा विषय म्हणजे ही दोन माणसे नव्हेत, पण विषयाच्या दारातून आत शिरायला त्यांच्या कारकिर्दींसारखी दुसरी वाट नाही. बांगलादेशाच्या परराष्ट्र धोरणाबद्दल मराठीत जे काही लिहिले जाते ते बहुधा नेत्यांच्या नावाने लिहिले जाते: मुजीब यांचे धोरण, झिया यांचे धोरण, खालिदा आणि हसीना यांची धोरणे. अशा मांडणीत देश दर पाच-दहा वर्षांनी नव्याने जन्माला आल्यासारखा दिसतो. तो तसा नाही. सरकारे पडली, घटना बदलल्या, राष्ट्राध्यक्षांचे खून झाले. पण गंगेच्या पाण्याची, सीमेवरच्या जमिनीची, समुद्राच्या हद्दीची फाइल कुणीतरी सांभाळत होते, आणि ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा परराष्ट्र सेवेतला अधिकारी होता. नेत्यांपेक्षा या अधिकाऱ्यांच्या नेमणुका, बदल्या आणि बढत्या यांचा माग काढला तर या देशाच्या वागण्यातली संगती कळते, असे माझे मत आहे. त्याला मर्यादा आहेत, त्यांकडे पुढे येतोच.

आधी एक खुलासा. या दोघांचेही खाते सांभाळतानाचे पद कागदोपत्री 'सल्लागार' असे होते. 'सल्लागार' म्हटले की आपल्याकडे पंतप्रधानांच्या कानाशी लागलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ढाक्यातल्या काळजीवाहू किंवा अंतरिम सरकारातला सल्लागार म्हणजे सरळ खात्याचा मंत्री. फक्त निवडून न आलेला. 1996मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने ही व्यवस्था घटनेत आली: संसद विसर्जित झाली की एक प्रमुख सल्लागार आणि जास्तीत जास्त दहा सल्लागार यांनी राज्य चालवायचे आणि नव्वद दिवसांत निवडणूक घ्यायची. 2007चे सरकार जवळजवळ दोन वर्षे चालले, हा त्या व्यवस्थेच्या नावावरचा मोठा डाग. 2011मध्ये ती घटनेतून काढून टाकण्यात आली. त्यामुळे 2024च्या सरकारला घटनेत थेट आधारच नव्हता, सर्वोच्च न्यायालयाचे मत घेऊन ते उभे राहिले. ही प्रथा मात्र दुरुस्तीहून जुनी आहे. 1990च्या डिसेंबरात लष्करशहा इर्शाद सत्तेवरून गेले, तेव्हाही परराष्ट्र खाते एका माजी परराष्ट्र सचिवाकडेच देण्यात आले होते. त्यांचेही नाव फख्रुद्दीन अहमद. 2007चे फख्रुद्दीन अर्थतज्ज्ञ, हे मुत्सद्दी. नव्या अभ्यासकाची हमखास गल्लत होते ती जागा ही.

आता 1971कडे वळू, कारण या सेवेचा जन्म कुठल्या शासकीय आदेशाने झाला नाही, तो नोकरी सोडण्याने झाला.

मराठी वाचकाला 1971 माहीत आहे ते मुख्यतः युद्धाच्या अंगाने. त्याच वर्षी जगभरच्या पाकिस्तानी वकिलातींत एक निराळे नाट्य चालू होते. 6 एप्रिलला दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयातले के. एम. शहाबुद्दीन आणि अमजादुल हक यांनी पाकिस्तानशी संबंध तोडला. बांगलादेशाच्या मुजीबनगर सरकारने शपथ घेतली 17 एप्रिलला; म्हणजे ज्या सरकारशी निष्ठा जाहीर करायची ते सरकार अजून शपथ घ्यायचे होते. 18 एप्रिलला कोलकात्यात उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी आपल्या बंगाली सहकाऱ्यांसह 9, सर्कस अॅव्हेन्यू या इमारतीवरचा पाकिस्तानी झेंडा उतरवून बांगलादेशाचा चढवला. आठवड्याभरात न्यूयॉर्कमधले उपवाणिज्यदूत ए. एच. महमूद अली बाहेर पडले. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या सभेत मोहिउद्दीन अहमद यांनी आपला निर्णय जाहीर केला. त्याच महिन्यात इराकमधले पाकिस्तानचे राजदूत अबुल फतेह यांनी तर वकिलातीच्या खात्यातले पैसे काढून घेतले, मोटारीने कुवेतची हद्द गाठली आणि तिथून लंडन गाठले. हा प्रकार वाचताना हसू येते खरे, पण राजदूताच्या दर्जाचा माणूस पगार, पेन्शन, मुलांच्या शाळा आणि पाकिस्तानात अडकलेले नातेवाईक यांचा हिशेब करून असे पाऊल टाकतो, तेव्हा त्यामागे किती रात्रींची जागरणे असतील?

या पिढीचा माग पुढे कुठवर जातो ते पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कमधले ते उपवाणिज्यदूत महमूद अली पुढे परराष्ट्र मंत्री झाले आणि नोव्हेंबर 2017मध्ये रोहिंग्यांच्या परतीविषयी म्यानमारशी झालेल्या समझोत्यावर बांगलादेशाची सही त्यांचीच आहे. वॉशिंग्टनहून बाहेर पडलेले शाह एएमएस किबरिया परराष्ट्र सचिव झाले, संयुक्त राष्ट्रांच्या आशियाई आर्थिक आयोगाचे प्रमुख झाले, अर्थमंत्री झाले आणि 2005मध्ये हबीगंजच्या सभेत ग्रेनेड हल्ल्यात मारले गेले.

पण सगळ्यांत अधिक बोलकी कारकीर्द हुमायून रशीद चौधुरी यांची. 1971मध्ये दिल्लीत त्यांनी बाजू बदलली आणि बांगलादेशाच्या तिथल्या मिशनची धुरा घेतली. 1975च्या ऑगस्टमध्ये ते पश्चिम जर्मनीत राजदूत होते. 15 ऑगस्टच्या पहाटे ढाक्यात मुजीब आणि त्यांचे जवळजवळ सगळे कुटुंब मारले गेले. त्यांच्या मुली शेख हसीना आणि धाकटी रेहाना वाचल्या त्या परदेशात होत्या म्हणून. त्या दिवशी त्या ब्रुसेल्समध्ये होत्या आणि तिथल्या यजमान राजदूताला आदल्या रात्रीपर्यंत सन्मानाचे वाटलेले पाहुणे सकाळी जड झाले. चौधुरी यांनी त्यांना बॉनला आपल्या घरी आणले आणि भारतात आश्रय मिळावा म्हणून खटपट केली. ढाक्यात कोण सत्तेवर आहे, उद्या आपल्याला कोण जाब विचारणार आहे, हे काहीही स्पष्ट नसताना. आता गोष्टीचा दुसरा भाग. हेच चौधुरी पुढे लष्करशहा इर्शाद यांचे परराष्ट्र मंत्री झाले, 1986मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले आणि 1996मध्ये हसीना पहिल्यांदा सत्तेवर आल्या तेव्हा संसदेचे सभापती. कुणी म्हणेल संधिसाधू, कुणी म्हणेल देशसेवक. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. ज्या देशात पंधरा वर्षांत दोन राष्ट्राध्यक्षांचे खून आणि अनेक उठाव होतात, तिथे व्यावसायिक अधिकाऱ्याने कुणाची नोकरी करायची हा प्रश्न पुस्तकी नसतो.

या सेवेचा काळा अध्याय याच घटनेला चिकटून आहे. मुजीब यांच्या मारेकऱ्यांतल्या अनेकांना 1976मध्ये परदेशातल्या वकिलातींत नेमणुका देण्यात आल्या. काही जण तर पुढे मिशनचे प्रमुखही झाले. त्यांच्या शेजारच्या खोल्यांत बसून 1971ची पिढी काम करत होती. आत्मचरित्रांत याविषयी फार थोडे सापडते आणि जे सापडते ते जपून लिहिलेले. या विषयातला सर्वांत मोठा न लिहिलेला प्रबंध इथे आहे.

आणखी एक गोष्ट नकाशा जवळ ठेवून वाचावी. हुमायून रशीद चौधुरी सिल्हेटचे, किबरिया सिल्हेट भागातले, पहिल्या वर्षांतले आणि पुन्हा 1996चे परराष्ट्र मंत्री अब्दुस समद आझाद तिथलेच, 2019 ते 2024चे मंत्री अब्दुल मोमेन तिथलेच. इफ्तेखार चौधुरीही सिल्हेटच्या घराण्यातले. त्यांचे थोरले बंधू फारूक चौधुरी 10 जानेवारी 1972ला दिल्लीहून ढाक्याला निघालेल्या मुजीब यांच्या विमानात होते आणि पुढे परराष्ट्र सचिव, मग दिल्लीत उच्चायुक्त झाले. चहाचे मळे, आसामशी असलेले जुने प्रशासकीय नाते, 1947चे सार्वमत, लंडनला गेलेली निम्मी गावे: बाहेरच्या जगाची सवय या जिल्ह्याला आधीपासून होती. ही केवळ शंका म्हणून मांडतो. कुणीतरी नोकरीच्या याद्या घेऊन बसावे आणि ती तपासावी.

बांगलादेशाच्या मुत्सद्द्याचा कस लागतो तो मोठ्या परिषदांत. 1972मध्ये चीनने नकाराधिकार वापरून या देशाचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश अडवला; तो मिळाला सप्टेंबर 1974मध्ये. पुढच्याच वर्षी देश अल्पविकसित राष्ट्रांच्या यादीत गेला. अपमान वाटावा अशी ही यादी, पण तिच्यातून या अधिकाऱ्यांनी पद आणि वजन दोन्ही काढले. यादीतला लोकसंख्येने सर्वांत मोठा देश म्हणून गटाच्या वतीने बोलायचे, मसुदे लिहायचे, सवलती मागायच्या. जिनेव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेतही हाच डाव होता. इफ्तेखार चौधुरी 1996 ते 2001 तिथे राजदूत होते. ढाक्याच्या तयार कपड्यांना युरोपात जकातीविना प्रवेश मिळाला, त्यामागे अशा कंटाळवाण्या बैठकांची वर्षे आहेत. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या आधी असलेले अन्वरुल करीम चौधुरी यांनी मार्च 2000मध्ये सुरक्षा समितीचे अध्यक्षपद सांभाळताना स्त्रिया आणि शांतता हा विषय पटलावर आणला. त्यातून त्याच वर्षी ऑक्टोबरात 1325 क्रमांकाचा ठराव झाला. लष्करी धाक नाही, पैसा नाही, तेव्हा वाक्यरचनेवर पकड हवी. या बाबतीत ढाक्याची परराष्ट्र सेवा आपल्या आकाराच्या मानाने फार पुढे आहे आणि भारतीय अभ्यासकांनी याची हवी तेवढी दखल घेतलेली नाही.

तौहीद हुसेन यांची वाट निराळी. 1981मध्ये सेवेत आलेले, म्हणजे पाकिस्तानची नोकरी कधीच न केलेल्या पिढीतले. त्यांच्या कारकिर्दीतली माझ्या मते कळीची नेमणूक कोलकात्याची, 2001 ते 2005. इमारत तीच, हुसेन अलींनी झेंडा बदलला ती. उपउच्चायुक्त हे पद कागदावर दुय्यम दिसते. पण ढाक्यासाठी भारत म्हणजे नुसती दिल्ली नव्हे. 1996चा गंगा पाणीवाटप करार होऊ शकला त्यात ज्योती बसूंचा हात होता. 2011च्या सप्टेंबरात मनमोहन सिंग ढाक्याला निघाले असताना ममता बॅनर्जी ऐनवेळी बाजूला झाल्या आणि तिस्तेचा करार बारगळला. छिटमहालांचे पाहा: भारताच्या हद्दीत बांगलादेशाचे 51 आणि बांगलादेशाच्या हद्दीत भारताचे 111 जमिनीचे तुकडे, चहूबाजूंनी परका देश, शाळेला जायचे तरी सरहद्द ओलांडायची. 1974मध्ये इंदिरा गांधी आणि मुजीब यांनी करार केला, बांगलादेशाने त्याच वर्षी त्याला मान्यता दिली, आपण 2015मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती केली आणि 31 जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल झाली. चाळीस वर्षांहून जास्त काळ रेंगाळलेला हा प्रश्न कूचबिहारच्या शेतांत कसा दिसतो हे कोलकात्यात बसलेल्या माणसाला दिल्लीत बसलेल्यापेक्षा जास्त कळत असणार.

आता मर्यादांचा भाग. 2007-08च्या दोन वर्षांत काय झाले ते घ्या. सिडर चक्रीवादळानंतर भारताने पाच लाख टन तांदूळ देण्याचे मान्य केले आणि मग भाव ठरवण्यात महिने गेले. बांगलादेशात महागाईने लोक रडकुंडीला आले होते. 14 एप्रिल 2008ला, बंगाली नववर्षाच्या दिवशी, कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेस सुरू झाली. त्याआधी फेब्रुवारीत लष्करप्रमुख मोईन अहमद भारतात येऊन गेले आणि भेट म्हणून सहा घोडे घेऊन गेले. या घोड्यांवर ढाक्यात इतके विनोद झाले की परराष्ट्र मंत्रालयाने त्या वर्षी केलेले बाकी काम लोक विसरले. विनोदात तथ्य होते: निवडून न आलेल्या सरकारचा कणा लष्कर होते आणि शेजाऱ्यालाही बोलायचे कुणाशी हे ठाऊक होते. सल्लागार कितीही जाणकार असो, त्याच्यामागे मतदार नसतो. रेल्वे सुरू करता येते. पाणी, जमीन, वाहतुकीचे हक्क यांवर सही करता येत नाही, कारण उद्या येणारे सरकार ती पुसून टाकेल अशी भीती दोन्ही बाजूंना असते.

तरी एक फाइल तेव्हा हलली. नोव्हेंबर 2008मध्ये सेंट मार्टिन बेटाच्या दक्षिणेला वादग्रस्त समुद्रात म्यानमारने नौदलाच्या पहाऱ्यात वायूसाठी शोधकाम सुरू केले, बांगलादेशाने आपल्या युद्धनौका पाठवल्या, काही दिवस दोन्ही नौदले समोरासमोर होती आणि मग म्यानमारकडचे शोधपथक मागे गेले. पुढच्या वर्षी, निवडून आलेल्या सरकारच्या काळात, ऑक्टोबरात बांगलादेशाने म्यानमार आणि भारत दोघांनाही लवादाची नोटीस दिली. 2012मध्ये हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने म्यानमारच्या दाव्याचा निकाल दिला. 7 जुलै 2014ला भारताच्या दाव्यात वादातल्या 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 बांगलादेशाला मिळाले. भारताने तो निकाल तक्रार न करता मान्य केला, हेही नोंदवले पाहिजे. निकालाचे श्रेय हसीना सरकारने घेतले, साहजिकच. पण कागद जमवण्याचे काम एका सरकारात सुरू होत नाही आणि एका सरकारात संपत नाही.

हुसेन यांच्या 2024नंतरच्या कारकिर्दीवर मत देण्याची घाई या पुस्तकात कुणीच केलेली नाही. बाह्यरेषा सर्वांना माहीत आहे: सप्टेंबरात न्यूयॉर्कला आणि पुढच्या फेब्रुवारीत मस्कतला हुसेन आणि भारताचे परराष्ट्र मंत्री जयशंकर यांची भेट, मधे डिसेंबरात भारताचे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांचा ढाका दौरा, त्याच महिन्यात हसीनांना परत पाठवा अशी रीतसर मागणी. मैत्री एक्स्प्रेस त्याआधी जुलैतच बंद पडली होती. 2007चा सचिव सतरा वर्षांनी सल्लागार झाला, पण समोरची दिल्ली या वेळी ओळखीची नव्हती.

मराठी वाचकाने या विषयात का पडावे? बंगालशी आपले नाते वाङ्मयाचे. मामा वरेरकरांनी शरदबाबू घरोघर नेले, पुलंनी उतारवयात बंगाली शिकून 'वंगचित्रे' लिहिले. पद्मेपलीकडच्या बंगालकडे मात्र आपण फारसे गेलो नाही. आता ज्ञानेश्वर मुळे, विजय गोखले यांच्यासारख्यांच्या लेखनामुळे परराष्ट्र सेवेत माणूस दिवसभर करतो काय, याची कल्पना आपल्याकडे रुजू लागली आहे. त्या ओळखीच्या आधाराने ढाक्याच्या मंत्रालयात डोकावणे अवघड नाही. बंगाली लिपी मन लावून बसले तर लवकर येते. फारूक चौधुरींचे 'जीबनेर बालुकाबेलाय' आणि शहाबुद्दीन यांचे इंग्रजी 'देअर अँड बॅक अगेन' यांपासून सुरुवात करावी. आत्मचरित्रात लेखक नेहमी योग्य वेळी योग्य खोलीत असतो, हे लक्षात ठेवून वाचावे, एवढेच.

आणि आत्मचरित्रांचा कंटाळा आला की करार वाचावेत. 1977चा गंगा करार आणि 12 डिसेंबर 1996चा तीस वर्षांचा करार शेजारी ठेवा. दुसऱ्यातले सूत्र सरळ आहे: फरक्का बंधाऱ्यापाशी जानेवारी ते मे या काळात प्रवाह 70 हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मे-निम्मे, 70 ते 75 हजार असेल तर बांगलादेशाला 35 हजार, उरलेले भारताला, 75 हजारांच्या वर भारताला 40 हजार, उरलेले बांगलादेशाला. मार्च-मेमधल्या टंचाईच्या दिवसांत दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत दोन्ही देशांना आलटून-पालटून 35 हजारांची हमी. आता पहिल्या करारातले एक कलम शोधा. नदीला पाणी कितीही कमी आले तरी ठरलेल्या वाट्याच्या 80 टक्के पाणी बांगलादेशाला मिळेल अशी ग्वाही त्यात होती. 1996मध्ये ती नाही. प्रवाह 50 हजारांखाली गेला तर दोन्ही सरकारांनी ताबडतोब बोलणी करावीत, असे म्हटले आहे. ही ग्वाही गेली आणि बोलणी आली, ती कुणाच्या टिपणीवरून, कोणत्या बैठकीत, बदल्यात काय घेऊन? तीस वर्षांची मुदत डिसेंबर 2026मध्ये संपते, आणि नव्या मसुद्यासाठी दोन्ही राजधान्यांतले अधिकारी पहिल्यांदा उघडतील ते हेच दोन कागद.